पालीच्या ताटातल्या अळ्या: रेशीमकिडा, मेणअळी आणि हॉर्नवर्म घरी कसे पोसायचे

आमच्या ठिपकीनं गेल्या वर्षी तीन आठवडे रातकिड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ठिपकी म्हणजे माझ्या लेकीची लेपर्ड गेको, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली वीतभर पाल. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे पाळीव प्राण्यांच्या दुकानात पाली-सरडेही मिळतात आणि त्यांना खाऊ घालायला जिवंत किडेही. दुकानातून आणलेल्या मेणअळ्या लेक तिला रोज चार-पाच घालायची, कारण ठिपकी त्यांच्यावर तुटून पडायची. हळूहळू शेपटी फुगली, पाल सुस्तावली, आणि मग मेणअळीशिवाय दुसरं काही समोर आलं की मान फिरवायला लागली. डॉक्टरांनी तिचं वजन केलं, आम्ही काय काय घालतो ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही हिला रोज पेढ्यांवर ठेवलंय."

त्याच रात्री बीडला मामांना फोन लावला. मामा रेशीमशेती करतात. मी विचारलं, "मामा, रेशीमकिडे घरात, खोक्यात पोसता येतील का?" आधी ते गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, आम्ही पाच-पाच हजार अळ्या पोसतो, तुला शंभर जमणार नाहीत होय? पण पाला कुठून आणशील ते आधी सांग."

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. अळी पाळणं म्हणजे खरं तर तिचा पाला सांभाळणं. हा लेख मी त्याच क्रमानं लिहिते आहे. भर रेशीमकिड्यावर आहे, कारण पतंगवर्गातल्या अळ्यांपैकी नेहमीचं जेवण म्हणून मी मनापासून सुचवीन अशी ती एकच आहे. मेणअळी आणि हॉर्नवर्मबद्दल जेवढं लागतं तेवढं सांगते.

कोणती अळी कशासाठी

दुकानात "वर्म" नावानं जे काही विकतात ते सगळे एका जातीचे नसतात. मीलवर्म आणि सुपरवर्म हे भुंगेऱ्यांचे डिंभ, म्हणजे त्यांच्या अळ्या. काळ्या सैनिक माशीची अळी ही माशीची. पतंगांच्या अळ्या चार: रेशीमकिडा (बॉम्बिक्स मोरी), मेणअळी (गॅलेरिया मेलोनेला), हॉर्नवर्म (मॅंडुका सेक्स्टा) आणि चिलीहून येणारी बटरवर्म.

यांच्यातला फरक समजायला आकडे बघायलाच हवेत. १०० ग्रॅम ताज्या मेणअळ्यांमध्ये सुमारे २५ ग्रॅम चरबी आणि १४ ग्रॅम प्रथिनं असतात. पाणी बाजूला काढलं तर उरलेल्यातला साठ टक्के भाग निव्वळ चरबी. बटरवर्म तर आणखी पुढे, १०० ग्रॅमला सुमारे २९ ग्रॅम चरबी. रेशीमकिड्यात मात्र ८३ ग्रॅम पाणी, ९ ग्रॅम प्रथिनं आणि चरबी जेमतेम एक-दीड ग्रॅम. पाणी वगळलं की अर्ध्याहून अधिक वजन प्रथिनांचं निघतं. हॉर्नवर्ममध्ये पाणी ८५ ग्रॅम आणि चरबी ३ ग्रॅमच्या आसपास. तुलनेसाठी, मोठ्या रातकिड्यात पाणी ६९, प्रथिनं २० आणि चरबी ७ ग्रॅम असते.

आमच्या घरात याची सरळ वाटणी ठरली आहे. रेशीमकिडा जेवण, हॉर्नवर्म उन्हाळ्यातलं पाणी, मेणअळी औषधापुरती. आजारातून उठलेली, अंडी घालून खंगलेली किंवा खूप वाळलेली पाल असेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस मेणअळी जरूर द्यावी. तेव्हा तिच्या चरबीचा उपयोग होतो. धडधाकट मोठ्या पालीला महिन्यातून दोन-तीन वेळा, एका वेळी एक-दोन, एवढं पुरे.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करते. रेशीमकिड्यात भरपूर कॅल्शियम असतं, असं अनेक विक्रेते लिहितात. तसं नाही. १०० ग्रॅम रेशीमकिड्यांत कॅल्शियम सुमारे १८ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे २३७ मिलिग्रॅम. पालीच्या एकूण आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट हवं, आणि इथे ते तेराव्या हिश्शाएवढं आहे. मेणअळीचीही तीच गत. म्हणून अळी कुठलीही असो, कॅल्शियमची पूड लावल्याशिवाय ती पालीपुढे ठेवायची नाही. ही पूड आणि ड-३ जीवनसत्त्व कमी पडलं की जबडा मऊ होतो, पाय वाकतात, पाल थरथरते. त्या अवस्थेतून पालीला परत आणणं फार अवघड असतं.

पायरी १: पाला

रेशीमकिडा तुतीचाच पाला खातो. न्यू जर्सीत तुती शोधायला लांब जावं लागत नाही. रेल्वेरुळांच्या कडेला, पार्किंगच्या मागच्या कुंपणात, ओढ्याकाठी पांढरी तुती आपोआप उगवलेली असते. हे झाड मूळचं चीनचं. अमेरिकेत ते रेशमासाठीच आणलं गेलं. १८३० च्या दशकात इथे तुतीच्या रोपांचं अक्षरशः वेड लागलं होतं, आणि दशक सरताना तो सगळा व्यापार कोसळला. आमच्याजवळचं पॅटर्सन शहर पुढे "सिल्क सिटी" म्हणून नावाजलं, पण तिथल्या गिरण्या चालायच्या त्या बाहेरून आलेल्या कच्च्या रेशमावर. तुती मात्र मागे राहिली आणि पक्ष्यांनी ती सगळीकडे पोचवली.

तुती ओळखायची खूण सोपी आहे. एकाच फांदीवर काही पानं साधी, काही बोटं फुटल्यासारखी खंडलेली दिसतात. पांढऱ्या तुतीचं पान वरून तुकतुकीत असतं आणि देठ तोडला की पांढरा चीक येतो. पान दोन्ही बाजूंनी मखमलीसारखं केसाळ लागलं तर ती कागदी तुती. ती घेऊ नका. मे-जूनमध्ये फळं लागलेली असताना झाड नक्की करून ठेवायचं, म्हणजे पुढे शंका राहत नाही.

खरा धोका फवारणीचा आहे. २०१८ पासून न्यू जर्सीत स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाची कीड पसरली आहे. तिच्यासाठी काही ठिकाणी झाडांच्या खोडात किंवा मुळांशी अंतरप्रवाही कीटकनाशक देतात. ते पानापानात भिनतं आणि कितीही धुतलं तरी जात नाही. म्हणून ज्या झाडाची माहिती देणारा मालक आहे तेच झाड धरा. आमचं झाड शेजारच्या पटेल आजोबांच्या परसात आहे. रस्त्याकडेच्या झाडाचा पाला वापरायचाच असेल तर आधी पाच अळ्यांना घाला, दोन दिवस बघा आणि मगच बाकीच्यांना द्या.

पाला सकाळी, दव सुकल्यावर तोडायचा. धुतलात तर पूर्ण कोरडा करायचा. मामांचा पहिला नियम हाच: ओला पाला अळीच्या पोटाचा शत्रू. कोरडी पानं झिपच्या पिशवीत, आत कागदी रुमाल ठेवून फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकतात. घालण्याआधी घरातल्या तापमानाला येऊ द्यायची.

किती पाला लागेल? एका अळीला जन्मापासून कोष करेपर्यंत वीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे शंभर अळ्यांना दोन ते अडीच किलो. त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला शेवटच्या आठवड्यात जातो, आणि नवखा माणूस नेमका तिथे फसतो. पहिले दहा दिवस दोन पानांत भागतं. मग एकदम रोज पिशवीभर लागतो.

थंडीत, नोव्हेंबर ते एप्रिल, इथे पाला नसतो. तेव्हा तुतीच्या पानांची पूड घातलेलं तयार खाद्य वापरावं लागतं. साधारण एक भाग पूड, तीन भाग पाणी. पाकिटावरचं प्रमाण बघून मायक्रोवेव्हमध्ये उकळी येईपर्यंत शिजवायचं, वरून प्लास्टिकचा कागद पृष्ठभागाला चिकटवून झाकायचं, निवलं की फ्रीजमध्ये. ढोकळ्यासारखं घट्ट होतं. किसणीनं किसून अळ्यांवर भुरभुरायचं. किसणी वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको. जी तुकडी पहिल्या दिवसापासून पाल्यावर वाढली ती हे खाद्य बहुधा नाकारते, त्यामुळे एका तुकडीला एकच अन्न धरून चालणं बरं.

पायरी २: अंडी

अंडी विक्रेत्यांकडून लहान बशीला चिकटलेली मिळतात. शेतकरी याला अंडीपुंज म्हणतात. एका मादीची चारशे-पाचशे अंडी म्हणजे एक पुंज. एका पालीसाठी शंभर-दीडशे अंडी पुष्कळ झाली. पहिल्या वेळी पन्नासच घ्या.

फलित अंडी घातल्यावर पिवळी असतात आणि दोन-तीन दिवसांत करडी-जांभळट होतात. बशीत करडी दिसली तर ठीक. उबवायला २५ ते २७ अंश सेल्सियस तापमान आणि चांगली दमट हवा लागते. बशी एका डब्यात, शेजारी ओल्या कापसाचा बोळा (अंड्यांना न लागेल असा), झाकण किंचित उघडं. सात ते चौदा दिवसांत अळ्या बाहेर येतात. आधी प्रत्येक अंड्यावर काळा ठिपका दिसतो, ते अळीचं डोकं. मग अंडं निळसर होतं. मामा या टप्प्यावर अंडी काळ्या कागदात गुंडाळून दोन दिवस अंधारात ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडात काढतात. त्यामुळे सगळ्या अळ्या एकाच वेळी निघतात. आम्हीही बशीवर काळा कागद घालतो. शंभरातल्या नव्वद एकाच सकाळी बाहेर आल्या तर पुढचं सगळं सोपं जातं, कारण लहान-मोठ्या अळ्या एकत्र असल्या की लहान उपाशी राहतात.

पायरी ३: चॉकी, म्हणजे बाळपण

नुकत्या निघालेल्या अळ्या तीन मिलिमीटरच्या, काळ्या, केसाळ. दोऱ्याचे तुकडे सांडल्यासारख्या दिसतात. बोटानं उचलायला जाऊ नका, मरतील. कोवळं पान बारीक चिरून त्यांच्यावर पसरायचं, त्या आपणहून वर चढतात. उचलायचंच झालं तर मऊ ब्रश वापरा.

पहिल्या दोन अवस्थांना शेतकरी चॉकी म्हणतात आणि तिथेच सगळी काळजी लावतात. या काळात २७-२८ अंश ऊब आणि पाला सुकणार नाही एवढा दमटपणा लागतो. झाकण असलेला उथळ प्लास्टिकचा डबा, तळाला कागदी रुमाल, झाकणाला दोन-चार भोकं. डब्याच्या भिंतींवर पाण्याचे थेंब दिसले की झाकण उघडा. दिवसातून तीन वेळा कोवळा पाला, थोडा थोडा. हात साबणानं धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करूनच आत घालायचे.

घरात काय लावता याकडेही लक्ष द्या. डासांची वडी, मच्छर पळवणारं यंत्र, झुरळांचा स्प्रे, कुत्र्या-मांजराला पिसवांसाठी मानेवर लावतात ते औषध, सिगारेटचा धूर: यातलं काहीही अळ्यांच्या खोलीत चालणार नाही. आमची दुसरी तुकडी पाहुण्यांच्या कुत्र्याला कुरवाळून लेकीनं त्याच हातानं पाला घातला, तेव्हा गेली. अळ्यांनी तोंडातून हिरवं पाणी टाकलं, अंग पिळवटलं आणि संध्याकाळपर्यंत साठातल्या चाळीस संपल्या. लेक खूप रडली. आता अळ्यांच्या खोलीच्या दारावर तिनं "आधी हात धुवा" असं लिहून ठेवलं आहे.

पायरी ४: कात

अळी चार वेळा कात टाकते आणि त्या चार कातींमध्ये तिच्या पाच अवस्था होतात. कातीवर बसलेली अळी खायचं सोडते, डोकं वर करून दगडासारखी स्थिर होते. सुमारे एक दिवस तशीच राहते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मेली. तिला हलवू नका, पाला घालू नका, डबा उघडा ठेवून कोरडा राहू द्या. मामा यावेळी चुन्याची भुकटी भुरभुरतात, म्हणजे उरलेला पाला सुकतो आणि लवकर उठलेली अळी बाकीच्यांच्या आधी खायला लागत नाही. घरातल्या शंभर अळ्यांना चुन्याची गरज नाही, आणि पालीच्या पोटात तो जाऊही नये.

नव्वद टक्के अळ्या उठून भुकेनं मान हलवायला लागल्या की मगच पाला.

पायरी ५: मोठ्या अळ्या, आणि पालीला कधी द्यायच्या

तिसऱ्या अवस्थेपासून थोडी थंड, हवेशीर जागा हवी: २४-२५ अंश, डब्याचं झाकण काढून वर जाळी. आता अख्खं पान चालतं. सफाईसाठी मामांनी शिकवलेली युक्ती फार कामाची आहे. मोठ्या भोकांची प्लास्टिकची जाळी अळ्यांवर अंथरायची, तिच्यावर ताजा पाला. तासाभरात सगळ्या अळ्या वर येतात. जाळी उचलली की खाली राहिलेली विष्ठा आणि शिळा पाला एकदम टाकून देता येतो. विष्ठा कुंडीत घाला, गुलाबाला चांगली मानवते.

अंडं फुटल्यापासून कोष करेपर्यंत साधारण पंचवीस ते अठ्ठावीस दिवस लागतात आणि तेवढ्यात अळीचं वजन दहा हजार पटींच्या घरात जातं. पालीसाठीचा काळ तिसऱ्या अवस्थेपासून पाचव्याच्या सुरुवातीपर्यंत, अळी दीड ते चार सेंटिमीटर असताना. किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नसावा, हा सर्वसाधारण नियम. रेशीमकिड्याचं अंग मऊ असल्यानं मोठ्या लेपर्ड गेकोला थोडी लांब अळी चालते. बिअर्डेड ड्रॅगन नावाचे मोठे सरडे पाळणाऱ्यांना पूर्ण वाढलेली, सात सेंटिमीटरची अळीही देता येते. पण मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनचं बहुतेक जेवण पालेभाजीचं असतं, हे विसरू नका. लेपर्ड गेको मात्र फक्त किडेच खाते.

वाढ लांबवायची असेल तर डबा १८-२० अंशांच्या खोलीत ठेवा. अळ्या हळू खातात, हळू वाढतात, आणि एका तुकडीचे आठ-दहा दिवस जास्त मिळतात. आमच्या तळघराचा हा मोठा उपयोग झाला. दोन तुकड्या तीन आठवड्यांच्या अंतरानं चालू ठेवल्या तर हातात कायम योग्य मापाच्या अळ्या राहतात.

आजार

अळीचे सांधे फुगले, अंग चकाकायला लागलं, ती कडेकडेनं भटकू लागली आणि टोचल्यावर दुधासारखं पाणी आलं तर ती ग्रासरी. हा विषाणूचा रोग आहे. अळी मऊ पडली, काळी झाली, घाण वास आला तर फ्लॅचरी. मेल्यावर अंग खडूसारखं कडक आणि पांढरं झालं तर मस्कर्डाईन, म्हणजे बुरशी. एक-दोन अळ्या दिसल्या तर लगेच काढा आणि बाकीच्या वेगळ्या डब्यात हलवा. रोज दिसू लागल्या तर तुकडी फ्रीझरमध्ये घालून संपवा. जीव तुटतो, पण उपाय तोच. आजारी किंवा मेलेली अळी पालीला कधीही नाही. डबे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यानं धुवा, स्वच्छ पाण्यानं खळाळून उन्हात वाळवा आणि मगच पुढची तुकडी घ्या.

यातले बहुतेक आजार ओला पाला, दाटी आणि कोंदट हवा यांतूनच येतात. दोन अळ्यांमध्ये एक अळी मावेल एवढी जागा राहू द्या.

पायरी ६: ताटात वाढणं

लेपर्ड गेको संध्याकाळी जागी होते, तेव्हाच वाढा. मोठ्या पालीला एक दिवसाआड, मध्यम मापाच्या पाच-सहा अळ्या. लहान पिल्लाला रोज, मापानं बारीक. एका वाटीत चिमूटभर कॅल्शियमची पूड घ्या, अळी त्यात हलकेच लोळवा आणि बोथट टोकाच्या चिमट्यानं पालीच्या नाकासमोर धरून जरा हलवा. रेशीमकिडा फार संथ असतो. पाल शिकार ओळखते ती हालचालीवरून, म्हणून ताटलीत नुसता टाकून ठेवला तर कित्येकदा तिचं लक्षही जात नाही. खाल्ल्यानंतर पचायला पोटाखाली ऊब लागते. तिच्या पेटीचा उबदार कोपरा ३१ ते ३४ अंश असावा. थंड पेटीतल्या पालीला उत्तम अळी दिली तरी ती पोटात कुजते.

मेणअळीला सोकावलेल्या पालीचं काय करायचं, हे मला पुष्कळ जणांनी विचारलं आहे. आमच्याकडे असं केलं: मेणअळी पूर्ण बंद. चार दिवस काहीच नाही, फक्त पाणी. पाचव्या संध्याकाळी एक मेणअळी चिरडून तिचा रस रेशीमकिड्याच्या डोक्याला लावला आणि चिमट्यानं धरला. ठिपकीनं चाटला, विचार केला, सोडून दिला. आठव्या दिवशी खाल्ला. अंगानं भरलेली, शेपटी जाड असलेली मोठी पाल आठ-दहा दिवसांच्या उपासानं खचत नाही. पिल्लू, आजारी किंवा बारीक शेपटीची पाल असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

पाल किंवा किडे हाताळल्यावर साबणानं हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ही काळजी जास्तच घ्यावी.

मेणअळी: थोडक्यात

मधमाश्या पाळणाऱ्यांना ही पक्की ठाऊक आहे. पोळ्यात शिरून मेण, पराग, माश्यांच्या पिल्लांच्या काती खाणारी, जाळी विणत पोळं उद्ध्वस्त करणारी कीड. दुकानातून डबी आणलीत तर ती १२ ते १५ अंशांत ठेवा. फ्रीजमधल्या ४ अंशांत त्या मरतात, आणि घरच्या उबेत आठवड्याभरात कोषात जातात. खायला घालायची गरज नाही.

घरी वाढवायच्या असतील तर काचेची बरणीच हवी. २०१७ मध्ये शास्त्रज्ञ फेडेरिका बर्तोक्किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या अळ्या पॉलिथिनचंही विघटन करतात. पातळ प्लास्टिक आणि लाकूड तर त्या सहज कुरतडतात. झाकणाला बारीक धातूची जाळी. आत गव्हाचा कोंडा किंवा बाळांचं सुकं धान्यपीठ, त्यात मध आणि थोडं ग्लिसरीन मिसळून भुरभुरीत केलेलं मिश्रण. हे मिश्रण मुठीत दाबलं तर लाडू व्हावा आणि बोटानं हलवला की फुटावा. वर घडी घातलेला मेणकागद ठेवा, मादी त्या घडीत अंडी घालते. ३० अंशांच्या आसपास दीड-दोन महिन्यांत चक्र पूर्ण होतं. पतंगांना तोंड असून नसल्यासारखं, ते काही खात नाहीत. तेही पालीला देता येतात, आणि फडफडणारा पतंग बघून सुस्त पालही उठते.

जुनी बरणी टाकताना आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. जिवंत पतंग बाहेर गेले तर जवळपासच्या मधुपेट्यांचं नुकसान होतं.

हॉर्नवर्म: त्याहून थोडक्यात

निळसर-हिरवी, शेपटीला काटा असलेली देखणी अळी. काटा मऊ असतो, टोचत नाही. डबीत तयार खाद्यासकट येते आणि २७-२८ अंशांत इतक्या वेगानं वाढते की चार दिवसांत पालीच्या मापाबाहेर जाते. म्हणून लहान असतानाच घ्या आणि १२-१३ अंशांत ठेवून वाढ रोखा. डबी उलटी ठेवायची, म्हणजे खाद्य वर राहतं आणि विष्ठा झाकणात पडते. कात अडकलेल्या किंवा कमी पाणी पिणाऱ्या पालीला आठवड्यातून एक-दोन. जास्त दिल्या तर पातळ विष्ठा होते.

परसातल्या टोमॅटोवर अशीच दिसणारी अळी सापडते. ती उचलून पालीला देऊ नका, कारण टोमॅटो-तंबाखूच्या पानांतली विषारी द्रव्यं तिच्या पोटात असतात. बाहेरची केसाळ अळी नको, रुईसारख्या चिकाच्या मिल्कवीडवरची मोनार्क फुलपाखराची अळी नको. आणि उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या अंगणात काजवे चमकतात तेव्हा खिडकी बंद ठेवा: एक काजवा बिअर्डेड ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो. हॉर्नवर्म अमेरिका खंडातलीच कीड आहे, तिचा पतंग बाहेर सोडायचा नाही. भारतात ती मागवायच्या भानगडीत पडू नका. तिथे ज्यांच्याकडे रीतसर पाळलेले विदेशी सरडे-पाली आहेत त्यांना रेशीमकिडा सोपा पडतो, कारण मराठवाड्यात बीड-जालन्याकडे चॉकीच्या अळ्या आणि तुतीचा पाला दोन्ही शेतावर मिळतात. फक्त पाल्यावर काय फवारलं, कधी फवारलं, ते शेतकऱ्याला स्पष्ट विचारा. आणि लेपर्ड गेकोच्याच कुळातली सातपुड्यातली रानपाल, जिची २०१४ मध्ये वेगळी जात म्हणून ओळख पटली, ती आणि तिच्या बहिणी रानातच राहू द्या.

पायरी ७: कोष आणि पुढची पिढी

प्रत्येक तुकडीतल्या दहा-बारा धडधाकट अळ्या मी बाजूला काढते. पंचविसाव्या दिवसाच्या पुढे त्या खायचं थांबवतात, अंग आक्रसतं, पिवळट आणि पारदर्शक होतं, मान वर करून आधार शोधतात. मामा म्हणतात, अळी पिकली. शेतावर त्यांना चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, सोडतात, घरी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे किंवा उभे कापलेले कागदी नळीचे तुकडे चालतात. दोन-तीन दिवसांत कोष पूर्ण होतो.

आमच्या घरात सासूबाई कट्टर शाकाहारी. त्यांना हा सगळा प्रकार सुरुवातीला फार जड गेला. मामांनी त्यांना फोनवर सांगितलं, "वहिनी, पैठणीसाठी कोष उकळतात तेव्हाही आतला जीव जातोच. लेकरू निदान बघतंय कुणाचा जीव कुणाच्या पोटात जातो ते." त्या काही बोलल्या नाहीत, पण आता संध्याकाळी पाला तोडायला पटेल आजोबांकडे त्याच जातात.

कोषातून दहा-चौदा दिवसांनी पांढरे, जाडसर पतंग निघतात. त्यांना उडता येत नाही, ते खातही नाहीत. नर पंख थरथरवत मादीला शोधतो. काही तास जोडी राहू द्यायची, मग मादीला जाड कागदावर ठेवून वर वाटी पालथी घालायची. रात्रभरात ती अंडी घालते. आठवडाभर अंडी घरच्या तापमानात ठेवा, रंग करडा होतो. पिवळीच राहिली तर ती फुसकी. करडी झालेली अंडी कागदासकट झिपच्या पिशवीत, वर तारीख लिहून, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. त्यांना निदान दोन-तीन महिने थंडी मिळायला हवी, तरच ती पुढे फुटतात. आमच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी ऑक्टोबरची पिशवी पडून आहे. पटेल आजोबांच्या तुतीला एप्रिलअखेर पालवी फुटली की ती बाहेर काढायची.